सोन्याच्या वेटोळ्याचं घड्याळ

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. विषय निघाला की मी घड्याळांबद्दल बोलायचो, त्या माणसाबद्दल नाही. आता पंच्याहत्तरी उलटली. आणखी किती टाळणार?

महाल भागातल्या एका गल्लीत ते गृहस्थ घड्याळं दुरुस्त करत. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावलेलं भिंग. असा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. मला जुनी सोन्याची घड्याळं जमवायचा नाद. त्यातही स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचा पट्टा असलेली, मनगटाभोवती आपली आपण गुंडाळली जाणारी परदेशी घड्याळं. सराफाकडे वितळवायला आलेली मी उचलायचो आणि थेट त्यांच्यापुढे ठेवायचो.

ते आधी शर्टाला हात पुसायचे, मग बजावायचे, "गुंडाळू द्या जी त्याले. सरळ नका करू."

"दहादा सांगितलं तुम्ही."

"अकराव्यांदा सांगून राहिलो. तुमचा हात शांत नाही, साहेब."

घड्याळं माझी आणि शिकवणार हे, याचा मला राग यायचा.

एकदा त्यांनी साफ करून दिलेलं घड्याळ घरी आणलं. पट्ट्याच्या आतला सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का दिसेना, म्हणून मी दोन्ही टोकं धरून पट्टा सरळ ओढला. सोडला, तर वेटोळी मिटेनात. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांसमोर मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय करून ठेवलंत?"

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग स्वतःची बोटं पाहिली. "माह्याकडूनच झालं असन जी."

"होतं असं कधीकधी," मी मोठ्या मनानं म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवडे खपूनही पट्टा मिटला नाही. त्यानंतर त्यांनी सोन्याचं काम घेणंच सोडलं. "हातावर भरोसा नाही राहिला," म्हणाले. खरं सांगायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा घरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलून घेऊन परत आलो.

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं. घरी गेलो. वाटभर मनात वाक्य जुळवत होतो. त्यांच्या मुलीनं पाणी दिलं.

"बाबा तुमचं नाव काढत जी. म्हणत, जिंदगीत एकच काम बिघडलं माह्या हातून, पण कसं बिघडलं तेच नाही समजलं. तुम्हाले समजलं का?"

मी "नाही" म्हणालो आणि चपला घातल्या.