मलाही तेच

मी घोडा काढला की बायकोही घोडा काढते. मी प्यादं सरकवलं की तिचंही समोरचं प्यादं सरकतं.

"अगं, स्वतःचं काहीतरी खेळ की!" मी चिडलो.

"तुम्ही खेळता ते बरोबरच असणार," ती म्हणाली.

हॉटेलातही मेन्यूकार्ड न उघडता ती म्हणते, "मलाही तेच." तीस वर्षं मला ते प्रेम वाटत आलं. आज पटाच्या पलीकडेही माझ्याच खेळ्या बघून जीव कासावीस झाला. इतकी वर्षं मी एकटाच तर खेळत नव्हतो ना?

मी वजीर पुढे नेऊन शह दिला. शह बसला की नक्कल चालत नाही, आधी राजा वाचवावा लागतो.

तिचा हात पटावर अधांतरी थांबला. ती आता काय करणार, हे मला पहिल्यांदाच सांगता येईना.