बंदूक माझी, काडतूस वैनीचं

"बंदूक माझी, काडतूस वैनीचं," असं सांगून तात्या हात झटकायचे आणि विषय संपवायचे. राजगडाहून उतरलेली, एसटी चुकलेली पुण्याची पोरं बंदूक बघून हरखायची, शिकारीच्या गोष्टी विचारायची. त्यांनाही हेच उत्तर.

सगळे त्यांना तात्याच म्हणत, मीही तेवढंच म्हणतो. मार्गासनीच्या बाजूच्या एका गावात मी शाळामास्तर होतो आणि त्यांच्या पडवीलगतची खोली मला भाड्यानं मिळाली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तात्यांची बायको वारलेली, मुलं पुण्यात. घरात ते एकटे, आणि खुंटीवर एकनळी बंदूक. रानडुकरांपासून भाताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली.

शेजारच्या घरात थोरला भाऊ राहायचा. दोघांचं बोलणं बंद. बांधावरून भांडण कुठल्या गावात होत नाही? पण इथं एकदा तात्यांनी रागाच्या भरात भरलेली बंदूक भावावर रोखली होती. मधे थोरल्याची बायको, तात्यांच्या वहिनी, येऊन उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. थोरला पोलिसांत जायला निघाला, तर त्याला वहिनींनीच अडवलं. "लायसन गेलं तर डुकरं आपलं बी भात खातील. बंदूक ऱ्हाऊ द्या. काडतुसं माझ्याकडं आना."

तेव्हापासून भात पोटरीला आलं की रोज दिवस मावळता तात्या वहिनींच्या दारात उभे राहायचे. थोरला ओटीवर बसलेला असला तर तो तोंड फिरवायचा.

"भावजी, वर बगा."

तात्या टोपी काढून वर बघायचे. साठीचा माणूस, पण मास्तरांसमोर उभ्या केलेल्या पोराहून वेगळा दिसायचा नाही. वहिनी नीट न्याहाळायच्या. पटलं तर आतून दोन काडतुसं आणून हातावर ठेवायच्या. उडाली नाहीत तर सकाळी परत.

एका संध्याकाळी तात्या गावच्या विकास सोसायटीत कुणाशी तरी हुज्जत घालून आले होते. वहिनी म्हणाल्या, "आज न्हाई."

"वैनी, कळप हिंडतोय. तुडवून टाकतील सगळं."

"तुडवू द्या."

आणि डुकरांनी खरंच ओढ्याकडचं खाचर भुईसपाट केलं. सकाळी तात्या तिथं बराच वेळ बसून होते. मी म्हटलं, "तात्या, बाजारातून चार काडतुसं आणून घरात ठेवली तर वहिनींना कोण सांगणार आहे?" ते थकल्यासारखं हसले. "मलाच म्हाईत आसंल न्हवं, गुरुजी. मग काय उपेग?"

त्याच सुमारास पेपरात बातमी आली. परदेशात म्हणे मालक ओळखणारी बंदूक तयार करताहेत. आत इलेक्ट्रॉनिक यंत्र, मालकाचा हात असेल तरच बार उडणार, दुसऱ्यानं कितीही चाप ओढला तरी मुकी. मी चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली. मंडळी खूष. तात्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "म्हंजे चोरानं नेली तर?"

"उडणार नाही."

"पोराटोराच्या हाताला लागली?"

"तरी नाही."

"लई ब्येस. आन मालकाच्या हातात?"

"मालकाच्या हातात उडणारच की."

"मग आमच्या काय कामाची? त्या दिशी ती मालकाच्याच हातात व्हती."

 मी पेपर घडी करून ठेवला.

दोनेक वर्षांनी वहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर थोरला काडतुसांचा पत्र्याचा डबा घेऊन आला आणि त्यानं तो तात्यांच्या ओटीवर ठेवला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा बोलला, "हे तुजं. तिला कळत व्हतं. मला तुज्या तोंडाकडं बगून काय बी कळत न्हाई." आणि गेला.

तात्या डब्याला शिवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "गुरुजी, येल्ह्याला चला माझ्यासंगं." वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी बंदूक, काडतुसं, परवाना, सगळं जमा केलं. हवालदारानं समजावलं, डुकरं वाढलीत, परवाना परत मिळायचा नाही. तात्यांनी नुसती मान हलवली.

परतीच्या एसटीची वाट बघताना ते म्हणाले, "दादा डबा ठेवून गेला न्हवं, तवा मला त्याचाच राग आला. तिच्या मागं तरी चार शब्द बोलंल वाटलं व्हतं. आन काडतुसं म्होरंच पडलेली."  एसटी आली तसं त्यांना आधी चढवून मी दोघांची तिकिटं काढली.

त्या साली ते संध्याकाळी बांधावर बसून तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायचे. डुकरं त्याला किती भितात कुणास ठाऊक. एके दिवशी बांधाच्या पलीकडून दुसरा डबा वाजू लागला. थोरला होता. मग रोजच दोघं वाजवायचे. हा थांबला की तो. बोलले मात्र कधीच नाहीत.

पुढं माझी बदली भोरला झाली. तात्या गेल्याचं मला उशिरा कळलं. भाताच्या दिवसांत थोरल्याला भेटायला म्हणून गेलो, तर उन्हं कलली होती आणि पलीकडच्या बांधावर तो एकटा डबा वाजवत होता. थोडा वेळ वाजवायचा, मग काठी थांबवून अलीकडं कान द्यायचा.