पुरणयंत्राचा तह

जगातल्या कुठल्याही दोन देशांचं भांडण मिटवायची तयारी असलेला, पण घरातली आमटी अळणी आहे की नाही हे उभ्या आयुष्यात एकदाही ठामपणे न सांगितलेला माणूस मी एकच पाहिला. ते माझे साडू. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. पावतीशिवाय तिथून त्यांनी कधी खिळा बाहेर जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, सोसायटीच्या कमिटीत शिरतात, निदान गुडघे दाखवायला जातात. यांनी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए.ला नाव घातलं. का, असं विचारलं तर म्हणाले, "आयुष्यभर आवक-जावक बघितली. आता त्यामागची कारणं बघतो."

वर्ग शनिवार-रविवारी असत. पहिल्या दिवशी हे आत शिरले तेव्हा सर आले असं समजून सगळी मुलं उठून उभी राहिली, आणि सर खरंच आले की काय म्हणून यांनी मागे वळून पाहिलं. पुढे ती मुलं त्यांना 'राजदूत काका' म्हणायला लागली. "राजदूत काका, नोट्स दो ना, एक्झाम सर पे आली यार," असे निरोप येत. हे "विनंती विचाराधीन आहे" असं उत्तर देत आणि लगेच नोट्स पाठवत. विषय जसजसा अंगात भिनत गेला तसतशी घरातली भाषाही बदलली. त्यांच्या नाराजीला पायऱ्या आल्या. दूध उशिरा आलं तर ते चिंता व्यक्त करत, खिडकीवर चेंडू आदळला तर तीव्र चिंता. निषेधापर्यंत मी त्यांना एकदाच पोचलेलं पाहिलं, तेही मी त्यांच्या हातातून टीव्हीचा रिमोट काढून घेतला तेव्हा. भाजीवालीने वर चार काड्या कोथिंबीर टाकली तर हे सांगत, "ही तुमची सदिच्छा आहे, पायंडा नव्हे, हे मी नोंदवून ठेवतो." ती म्हणे, "नोंदवा वो काका, पन पिशवी तरी उघडा!" आणि माझी मोठी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको सुनंदाताई, जेवताना विचारी, "अहो, आमटीत मीठ कमी आहे का?" हे विचार करून म्हणत, "दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखं आहे." त्यावर ताई म्हणे, "दुसरी बाजू कोणाची? आमटी मी एकटीने केलीय!"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्याच सुमारास आमच्या घरात खरोखरचं भांडण उभं राहिलं. सासूबाईंचं कल्याणचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं आणि सामान आवरताना त्यांचं पितळी पुरणयंत्र निघालं. सासूबाईंनी ते दोन्ही मुलींना वेगवेगळं गाठून "तूच ने हो" असं सांगून ठेवलेलं. माझी बायको वैशाली धाकटी आणि चपळ, तिने ते आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरी आणलं. ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तिला कशाला हवंय? गेल्या होळीला तिच्या पोळीतली डाळ मोजता येत होती." हे वाक्य डोंबिवलीहून ठाण्याला त्याच संध्याकाळी पोचलं आणि दोघी सख्ख्या बहिणींचं बोलणं थांबलं. दिवाळी तशीच गेली, होळी तशीच गेली. पुढे सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. ताई म्हणाली, ती येणार असेल तर मी नाही. वैशालीही तेच म्हणाली. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "दोघी शेजारी बसणार नसतील तर मला ओवाळायला कोणी यायचं नाही. कार्यक्रम रद्द." हे बोलताना त्या रडल्या नाहीत, पण त्या दिवशी दुपारी जेवल्याही नाहीत.

मी वैशालीला समजावून पाहिलं आणि गप्प बसलो. साडू मात्र परीक्षा तोंडावर असताना कामाला लागले. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून डोंबिवली अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दोन्ही देशांशी बोलणारा पण कोणाचाच नसलेला माणूस लागतो, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही एकीचे नवरे आहात!" ते म्हणाले, "तीच तर अडचण आहे." एकदा ते डब्यात अळूवड्या घेऊन आले आणि कोणी केल्या ते सांगितलं नाही. वैशालीने एक तोंडात टाकली. "चिंच जास्त झालीय. ताईच्या हातच्या आहेत," असं म्हणून तिने डबा संपवला. साडूंनी माझ्या कानात सांगितलं, "वातावरण निवळतंय."

मग त्यांनी तह लिहिला. यंत्र सहा महिने डोंबिवलीत आणि सहा महिने ठाण्यात, ने-आण मध्यस्थाने करायची, पावती घेऊन. उभय पक्षांनी एकमेकींच्या पुरणाच्या दर्जाबद्दल भाष्य करायचं नाही. दोन देशांत करार झाला की आपल्याकडे ठेवायच्या प्रतीत प्रत्येक देश आपलं नाव आधी लिहितो, म्हणजे कोणालाच कमीपणा येत नाही, अशी पद्धत असते म्हणे. ती त्यांना फार आवडलेली. त्याप्रमाणे त्यांनी दोन प्रती केल्या, दोन सारख्या खाकी पाकिटांत घातल्या, सकाळी एक पाकीट ताईच्या टेबलावर ठेवलं आणि दुसरं घेऊन आमच्याकडे आले. वैशालीने कागद उघडला. "प्रथम पक्ष, सौ. सुनंदा," तिने मोठ्याने वाचलं. "म्हणजे मी दुय्यम? भावोजी, हा कागद ताईने सांगून लिहून घेतलाय ना?" साडूंच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. ते म्हणाले, "पाकिटांची अदलाबदल झाली."

तेवढ्यात फोन वाजला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच ताईचा.

"वैशे, यात तुझं नाव आधी कसं? माझ्याच नवऱ्याला फितवलंस?"

"मी? माझ्या कागदात तर तूच पहिली आहेस!"

मग ताईचा आवाज आला, "तुझ्यात पण ते पुरणाच्या दर्जाचं लिहिलंय का गं?"

"हो ना! भाष्य करू नये म्हणे. यांना पुरण वाटायला बसवायला पाहिजे एकदा."

"अगं, या माणसाला घरी आमटीतलं मीठ सांगता येत नाही!"

आणि दोघी हसायला लागल्या. पुढे कितीतरी वेळ त्या बोलत होत्या, आणि विषय एकच होता, तो आमच्या सोफ्यावर गार झालेला चहा धरून बसला होता. मी म्हटलं, "साडू, जिंकलात की!" ते खिन्नपणे म्हणाले, "दोन्ही पक्ष मध्यस्थाविरुद्ध एकत्र आले. आमच्या शास्त्रात याला यश म्हणत नाहीत."

कार्यक्रम झाला. दोघी मुली सासूबाईंच्या दोन बाजूंना बसल्या. ओवाळून झाल्यावर साडूंनी खिशातून दोन्ही प्रती काढल्या, कारण सहीशिवाय तह म्हणजे नुसता कागद. ताई म्हणाली, "आता सही कसली करताय? ठेवा ते." सगळे हसले. साडूंचा चेहरा पडलेला फक्त सासूबाईंना दिसला. त्या म्हणाल्या, "आणा इकडे. मी करते."

"आई, पण तुम्ही यात पक्ष नाही."

"मग कोण आहे? यंत्र माझं आहे."

आणि त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली. एवढा अभ्यास केलेल्या माणसाच्या करारात मूळ मालकाचं नावच घालायचं राहून गेलेलं.

साडू दुसऱ्या वर्गात एम.ए. झाले. सासूबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. बहिणी रोज फोनवर बोलतात आणि पोळ्या दोघीही आता विकतच्या आणतात. तरी दर सहा महिन्यांनी साडू पिशवीतून यंत्र घेऊन येतात किंवा न्यायला येतात, आणि मी पावतीवर सही करतो. गेल्या खेपेला दांड्याचा स्क्रू झिजलेला निघाला, म्हणून आम्ही दोघे कल्याणला भांड्यांच्या दुकानात गेलो. मी म्हटलं, निम्मे मी देतो. ते म्हणाले, "तहात दुरुस्तीचं कलमच घालायचं राहिलं." दुकानदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

साडू थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखं आहे. पण त्यांनी सरळ सासूबाईंचं पूर्ण नाव सांगितलं, ऐंशी रुपये काढून दुकानदाराला दिले आणि पावती नीट घडी घालून खिशात ठेवली.