नारळ फोडलेली चाकं

"नारळ फुटला. आता चाकं उतरायची न्हाईत," बबनशेठ म्हणाले. मागच्या टायरवरून अजून नारळाचं पाणी ओघळत होतं. मी पाना घेऊन उभा होतो.

बबनशेठ आमच्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. चाकणजवळच्या गावातले, शेती सांभाळून ट्रकचा धंदा. या ट्रकचा मागचा ॲक्सल तडकला होता. ॲक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं ज्याच्या टोकांना बसतात तो आडवा दांडा. तसाच दुसरा लगेच मिळेना, म्हणून वेगळ्या मॉडेलचा जुना बसवला. मग चाकांचा प्रश्न आला. आधीच्या चाकांना आठ भोकं, या ॲक्सलला दहा बोल्ट. टायर तेच ठेवून डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक, बदलणं भाग होतं.

दहा भोकांच्या डिस्क शेठनी स्वतःच भंगारातून आणल्या. भोकं जुळली, बोल्ट बसले, गाडी जॅकवरून उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत लोडिंगचा नंबर होता. गाडी पोचली नाही तर नंबर दुसऱ्याला जाणार. त्या घाईत नारळ फुटला.

मला खटकली ती टायरांमधली फट. ट्रकला मागे जोडचाकं असतात. दोन बशा बुडाला बूड लावून ठेवाव्यात तशा दोन डिस्क बसतात. बशी जेवढी खोल, तेवढे टायर एकमेकांपासून लांब. या बशा उथळ होत्या.

"शेठ, माल भरला की टायर खाली फुगतात. एकमेकांना घासले तर तापून फुटतील."

"आरं भावा, हात जातोय की!" त्यांनी फटीत हात घालून दाखवला.

"गाडी रिकामी आहे म्हणून जातोय."

"तुमच्या देगलूरला ट्रक असत्यात व्हय? का नुसत्या बैलगाड्या?"

शेठच्या बाकीच्या गाड्याही आमच्याकडेच येतात. त्या माझ्या तोंडामुळे दुसऱ्या गॅरेजला गेल्या तर? आठवीत शाळा सुटून मी देगलूरहून इकडे आलो, तेव्हा सलीमभाईंनी काम दिलं आणि माळ्यावर झोपायला जागाही. गॅरेज त्यांचं. त्यांचं नुकसान करायची माझी छाती नव्हती. पण तो ट्रक उद्या माल भरून घाट उतरणार होता.

सलीमभाई आतून आले. फट बघितली आणि मला विचारलं, "नागू, तुला माहीत आहे, का नुसती भीती वाटतेय?"

"दोन्ही."

"मग खडू आण."

काठीला खडू बांधून आम्ही जोडीतल्या टायरांच्या समोरासमोरच्या बाजू पांढऱ्या केल्या. शेजारच्या सिमेंट ब्लॉकवाल्यानं फोर्कलिफ्टनं ट्रक भरून दिला. शेठ कुरकुरत स्टेअरिंगवर बसले, मी शेजारी. मागच्या कच्च्या रस्त्यानं, खड्ड्याखड्ड्यांतून, सावकाश एक फेरी मारली.

परत आल्यावर मी टॉर्च मारला. दोन्ही जोड्यांतल्या टायरांवरचा खडू गोल पट्ट्यानं पुसला गेला होता. डाव्या जोडीत जास्त.

शेठनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "पण नारळ फोडलाय, सलीमभाई."

"नारळ गाडीला फुटला, शेठ. डिस्कला नाही."

खोल बशीच्या डिस्क भोसरीहून आल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. पुन्हा खडू, पुन्हा ब्लॉक, पुन्हा फेरी. या वेळी खडू जागेवर राहिला. तोवर कंपनीतला नंबर गेला होता. शिवाय पुढची चाकं आठ भोकांची, मागची दहाची, म्हणून स्टेपनी दोन बाळगाव्या लागल्या. एकीवर मी रंगानं 'पुढची' लिहिलं, दुसरीवर 'मागची'.

निघताना शेठ माझ्याकडे न बघता सलीमभाईंना म्हणाले, "ह्यो तुमचा गडी लई भित्रा हाय राव."

"म्हणूनच चाकांच्या कामावर ठेवलाय," सलीमभाई म्हणाले.

महिन्याभरात शेठनी दुसरी गाडी आमच्याकडेच लावली. रिकाम्या गाडीवर बसलेलं चाक बसलं असं धरायचं नाही, एवढंच मी त्यातून घेतलं. आमच्याकडे आता आधी खडू, मग नारळ.