सोलरच्या सर्व्हेला दिलेली बचत गटाची वही

आज सकाळी आईचा फोन आला. ती पाथर्डीजवळच्या आमच्या गावात बचत गटाची अध्यक्ष आहे. परवा एक माणूस घरी आला. "वीज मंडळाकडून आलोय, छतावर फुकट सोलर मिळणार, त्याचा सर्व्हे आहे," असं सांगून त्याने सगळ्यांचे मोबाईल नंबर असलेल्या गटाच्या हजेरीवहीचे फोटो काढले. कालपासून वहीतल्या सगळ्या बायकांना वेगवेगळ्या सोलर कंपन्यांचे फोन येत आहेत.

"आगं, गळ्यात कार्ड हुतं त्याच्या," आई म्हणाली. "आता शेजारची म्हणती, अध्यक्षबाईंनीच आमाला इकलं."

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. त्या माणसाने आईला दिलेल्या नंबरवर फोन लावून विचारलं, "आमच्या घरावर पत्रे आहेत. पॅनल कसे बसवणार?"

"मॅडम, ते आम्हाला माहीत नाही. आम्ही फक्त नंबर पुढे देतो."

"कोणाला? वीज मंडळाला?"

त्याने फोन कट केला.

त्याने माझ्या आईवरचा गावातल्या बायकांचा विश्वास विकला. आई आत्ता घरोघरी जाऊन "माझीच चूक झाली" म्हणत माफी मागतेय. या सगळ्यात माफी मागणारी ती एकटीच आहे.

तुमच्या गावात असा सर्व्हे झाला का? सर्व्हेवाल्याने तुमच्याकडून कोणाकोणाचे नंबर नेले?