चौथ्या फोटोतलं अंडं

प्रयोगशाळेच्या नोंदणीच्या खिडकीत बसून मी लोकांच्या लघवी-शौचाच्या डब्यांवर नंबर घालतो आणि वहीत चढवतो, म्हणून सगळे मला वहीवाले म्हणतात. बावीस वर्षं झाली, तरी डबी हाताला कोमट लागली की अजून मी ती दोन बोटांत धरतो. आतल्या टेबलावरच्या ताईंचं तसं नाही. कफ असो, पू असो, भाजी निवडावी इतक्या शांतपणे त्या मायक्रोस्कोपखाली बघतात. मोठे डॉक्टरही अडलं की त्यांनाच हाक मारतात.

अशा बाईच्या हातात गेल्या महिन्यात नोटीस ठेवली. तीन वर्षांत पदवी घ्या, नाहीतर मायक्रोस्कोप सोडा आणि नळ्या धुवायच्या खोलीत जा. ताईंकडे जुना डिप्लोमा होता. काम येतं का, हे कुणी विचारलंच नाही. मला त्या कागदाची शिसारी आली, आणि खालची सही बघून तर जास्तच. सही आमच्या डिग्रीवाल्याची होती.

हा डिग्रीवाला सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला स्लाइड नीट धरताही येत नव्हती. ताईंनी हात धरून शिकवलं, आता तो त्यांचा साहेब आहे. पहिल्याच महिन्यात त्यानं एका नमुन्यात पट्टकृमीचं, म्हणजे पोटातल्या लांब चपट्या जंताचं, अंडं असल्याचा रिपोर्ट दिला होता. तो नमुना माझा होता. चार दिवस मला माझीच किळस येत होती. हात घासून घासून कातडी सोलली, घरात ताट वेगळं केलं, बायको तर लांबूनच बोलायची. मग ताईंनी स्लाइड पुन्हा पाहिली. अंड्याच्या आत सहा बारीक आकडे दिसायला हवेत, इथे एकही नाही, म्हणाल्या. खोकल्यावर मी रोज मध चाटत होतो, त्यातला हा फुलाचा पराग. डॉक्टरांनी रिपोर्ट सुधारून दिला. डिग्रीवाला नुसता हसला आणि असं होतं कधी कधी, म्हणाला. त्याचं काय जात होतं?

असो. ताईंनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं रद्द फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर अभ्यासक्रम मांडायला बसलो. विषय एकोणीस. सत्रं सहा. संध्याकाळच्या विद्यार्थ्याला एका सत्रात तीनच विषय मिळणार. रक्तशास्त्र झाल्याशिवाय रक्तपेढी नाही, रसायनशास्त्र झाल्याशिवाय जीवरसायन नाही, आणि दोन विषय नेमके एकाच वारी एकाच वेळी. ताई पेन्सिलनं लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. कागदाला भोक पडलं तरी एक विषय उरायचाच. सहा त्रिक अठरा, त्याला ताई तरी काय करणार?

वाट एकच होती. अनुभवी माणसाची छोटी परीक्षा घेऊन कॉलेज एक विषय माफ करायचं. ताईंनी परजीवी म्हणजे जंतांचा विषय धरला. माशाची पोहण्याची परीक्षा, असं म्हणून मी त्यांना चिडवलं. त्या हसल्या नाहीत. हा विषय सुटला तरच मायक्रोस्कोप राहील, एवढंच बोलल्या.

कॉलेजात अभ्यासक्रम ठरवून देणारे सर तिसऱ्या मजल्यावर बसतात; ताईंसोबत मीही गेलो. टेबलावर कपांच्या चिकट गोल खुणा, कोपऱ्यात धुळीनं माखलेले गठ्ठे. सर अंगठा जिभेला लावून कागद उलटत होते, आणि त्याच अंगठ्यानं त्यांनी ताईंच्या पुढ्यात पाच फोटो सरकवले. पाचही ओळखले तर विषय माफ. ताईंनी कागद ओढून भराभर तीन उत्तरं लिहिली.

चौथ्या फोटोखाली नमुन्याचा नंबर होता, २११७, आणि डिग्रीवाल्याची सही. स्वतःचा नंबर मी विसरेन कसा? या शहाण्यानं माझ्याच नमुन्याचा फोटो कॉलेजला भेट दिला होता, आणि पोरं सहा वर्षं त्यावर घोकत होती. ताईंनी नंबर वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: पराग.

पाचवंही लिहून झाल्यावर सरांनी उत्तरांचा कागद काढला. चौथं चुकलं, म्हणाले. ते पट्टकृमीचं अंडं आहे.

"आत आकडे नाहीत सर. हे अंडं नाही," ताई म्हणाल्या.

"तुमच्याच प्रयोगशाळेतून आलंय हे, तुमच्याच साहेबांच्या सहीनं. मी अजून पेनानं काही लिहिलेलं नाही. खोडा आणि अंडं लिहा, म्हणजे माझंही काम सोपं होईल."

मी टेबलाखालून ताईंच्या पायाला पाय लावला. लिहा ना अंडं, तुमचं काय जातं, असंच मला म्हणायचं होतं. सुधारलेला रिपोर्ट माझ्या कपाटात होता. एक शब्द बोललो असतो तर निकाल तिथेच लागला असता. पण माझ्या पोटातली घाण या माणसापुढे कबूल करायची? कॉलेजभर झालं तर? मी मूग गिळून बसलो.

"जे नाही ते दिसलं असं मी लिहीत नाही," ताई म्हणाल्या. सरांनी खांदे उडवले आणि 'नापास' लिहिलं. ताईंनी भोक पडलेला कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

जिना उतरताना मी विचारलं, "माझ्याकडे बोट का नाही दाखवलं? सगळं माहीत होतं तुम्हाला."

"वहीवाले, पेशंटचं नाव मी बाहेर सांगत नसते," ताई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

बावीस वर्षं मी लोकांच्या डब्यांना नाक मुरडलं. पण त्या जिन्यात मला स्वतःची जितकी किळस आली तितकी कुठल्याच डबीची आली नव्हती, त्या चार दिवसांतही नाही. ताई खाली फाटकाशी पोचल्या होत्या. मी वळलो आणि तीन मजले परत चढलो.

सर चौथा फोटो पाकिटात भरत होते. "थांबा," मी म्हणालो. "तो नमुना माझा आहे. डॉक्टरांच्या सहीचा सुधारलेला रिपोर्ट तासाभरात आणून देतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि जिभेला लावायचा तो अंगठा पँटला पुसला.