तात्याचं न पुसलेलं फोल्डर

ऑफिसात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या कंपनीत बावीस वर्षं लोकांची कम्प्युटरवरची खाती उघडणं नि बंद करणं तिच्याकडेच होतं.

एका सोमवारी डिस्क भरली. "अडगळ काढा," साहेब म्हणाले.

लिनक्सवर प्रत्येकाचं स्वतःचं होम फोल्डर असतं. खातं काढलं तरी ते आपोआप जातंच असं नाही. मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा दिसतो, इतकंच. तिच्या यादीत अशी अकरा निघाली. त्यातल्या एका फोल्डरचं नाव तिने पुन्हा वाचलं. तात्या ड्राफ्ट्समन!

सहा वर्षांपूर्वी एका इमारतीचा जिना कोसळला, दोन मजूर कायमचे जायबंदी झाले. माप तात्याने चुकवलं म्हणून त्याला काढलं. तो घसा फोडून सांगत होता, "मी साहेबांना लेखी कळवलं होतं. माझं फोल्डर बघा!" चौकशीत तिला विचारलं, तेव्हा लेक तापाने फणफणलेली, घरी पळायची घाई. न बघताच ती बोलून गेली, "खातं काढलं, म्हणजे सगळं गेलं."

आता तिने फोल्डर उघडलं. पत्र तिथेच होतं, जिना कोसळण्याआधीच्या तारखेसकट. 'साहेब, तुम्ही बदललेल्या मापाचा जिना भार पेलणार नाही. काम थांबवा.'

तिने ते साहेबांपुढे ठेवलं.

"जुनी मढी उकरू नका, बाई. पुसून टाका."

तिने पुसलं नाही. छापील प्रत घेऊन तात्याचं घर गाठलं. अंगावर वॉचमनचा गणवेश, तो कामावर निघालाच होता. उंबऱ्यातच त्याने कागद वाचला.

"इतकी वर्षं तिथेच होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बघितलं नव्हतं?"

"नाही, तात्या. चुकलं माझं."

"मग आता याचं काय लोणचं घालू?"

आतून बायकोने विचारलं, "कोण आलंय हो?"

"कोणी नाही," म्हणत त्याने दार लावून घेतलं.

तिने संचालकांना सगळं लिहून कळवलं, स्वतःच्या खोट्या जबाबासकट. तोवर साहेबांनी दुसऱ्याकडून फोल्डर पुसून घेतलं होतं. उत्तर महिन्याने आलं : मूळ प्रकरण बंद झालेलं आहे, मात्र चौकशीत बेजबाबदार जबाब दिल्याबद्दल आपल्याला मेमो देण्यात येत आहे.

मेमोत खोटं काही नव्हतं. तिने सही केली. शेजारच्या केबिनमध्ये साहेब फोनवर कुणाशी तरी खळखळून हसत होते.